कानातले सर
क्रीडा मंडळाने चोरी केली होती, सरळ सरळ चोरी. कोच धुमाळांच्या तीस वर्षांच्या डावपेचांवर यंत्र पोसलं, त्याला त्यांचाच आवाज दिला आणि अमेरिकन फुटबॉलच्या पोरांच्या हेल्मेटांत बसवलं. ओठ वाचून कुणी डाव ओळखू नये म्हणून धुमाळ अजूनही तोंडासमोर पुठ्ठा धरत. आता ते ओठ वाचणार कोण?

त्यांच्या संघातल्या निहालने फेकलेला चेंडू थेट विरोधकाच्या हातात गेला. तरी तो हसतच बाहेर आला.

"दात काय काढतोस, गाढवा?"

"कानातले सर म्हणाले, ‘असू दे बाळा, पुढचा डाव तुझाच.’"

नऊ वर्षांत धुमाळांच्या तोंडून त्याला ‘गाढवा’च मिळालं होतं. ते जळफळत मंडळाच्या साहेबासमोर उभे राहिले.

"डाव माझे, आवाज माझा. मग ही माया कुणाची घातलीत? बोला!"