बांगड्यांवरचा रुमाल

दिगंबर बॅट घेऊन मैदानात उतरला, तशी त्याच्या आईने हातातल्या बांगड्या वर सारून त्यांच्यावर रुमाल करकचून बांधला. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू खुळखुळतो, पोरं त्या आवाजावरच खेळतात, तेव्हा गडबड नको, असं संस्थेच्या ताईंनी तिला दारातच बजावलं होतं.

लेक वसतिगृहात गेल्यापासून दर फोनवर विचारायचा, “आई, मॅचला येशील?” कधी म्हशी आड यायच्या, कधी मजुरी. आज एकदाचं जमलं, तेही त्याला न कळवता.

त्याने चौकार मारला. चेंडू सीमेपार जाताच सगळे ओरडले, टाळ्या पडल्या. तिने मात्र पदराचा बोळा तोंडाशी धरला. आपल्यामुळे पोराचा चेंडू हुकायला नको.

सामना संपला. सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवून तो तिच्या पुढ्यातूनच निघाला.

“सगळ्यांच्या घरचे ओरडत होते रे,” तो म्हणाला. “आमच्या आईला याही वेळी नाही जमलं.”

मग तिने दातांनी रुमालाची गाठ सोडली. बांगड्या मनगटावर घसरल्या.

पुढे गेलेला दिगंबर जागच्या जागी थांबला.