कापडाची कात्री

"घे की आई, तीच घे," मास्तर म्हणाला आणि कापड बेतायची कात्री त्याने आपण होऊन आईच्या हातात दिली.

आईला फळीवर अंथरायला कागद कापायचा होता. कागद! बटणं लावत बसलेल्या बायकोची सुई तिथंच थांबली.

त्या कात्रीला हात लावायची दुकानात कुणाची टाप नव्हती. लग्नानंतर एकदा तिने नकळत त्या कात्रीने कागद कापला, तर या माणसाने घर डोक्यावर घेतलं होतं. "धार मरते, धार! कळतंय का काही?" आणि आज म्हणे, तीच घे.

"तुझ्याकडेच राहू दे," मास्तर पुढे म्हणाला. "मला काय करायचीय आता?"

आई खुशीत होती. कित्येक महिने पोरगा धड जेवत नव्हता, झोपत नव्हता, गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघत नव्हता. आज मात्र दाढी केली, चहा मागून घेतला, चक्क हसला. "बघ," ती सुनेला म्हणाली, "उगीच डॉक्टर डॉक्टर करत होतीस. आला की नाही माणसात?"

सुनेने मागच्या दांडीकडे पाहिलं. दांडी रिकामी. शिवलेले कपडे ज्याचे त्याला पोचले होते, न शिवलेली कापडंही मास्तरने सकाळीच परत केली होती. पसारा आवरला म्हणून तिलाही बरं वाटलं होतं. आता मात्र तिने सुई खाली ठेवली.

विचारावं का? विचारलं आणि नसलेलंच डोक्यात भरलं तर? आणि नाही विचारलं तर? हातातलं बटण घरंगळत मशीनखाली गेलं. ते तसंच टाकून ती उठली आणि नवऱ्यासमोर जाऊन बसली.

"अहो, इकडे बघा. जीव द्यायचं मनात आहे का तुमच्या?"

"अगं ए! तुझ्या जिभेला काही हाड?" आई ओरडली.

"थांबा आई. त्यांना बोलू द्या."

मास्तर हसायला गेला, पण जमलं नाही. मापाची टेप बोटांना गुंडाळत, सोडत बसला.

"आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, तू विचारणारच नाहीस."

तिला रडू फुटत होतं. पण रडायला सगळा जन्म पडला होता. एका हाताने त्याचा हात धरून तिने दुसऱ्या हाताने दवाखान्यात फोन लावला. "उद्या नाही हो, आत्ता. आत्ता निघतोय आम्ही." फोन ठेवून ती सासूला म्हणाली, "आई, चला. एका बाजूला मी, एका बाजूला तुम्ही."

"लोकांनी विचारलं तर काय सांगू गं?"

"दवाखान्यात नेतोय म्हणून सांगा. खोटं काय त्यात?"

ती दुकानाच्या किल्ल्या शोधू लागली. आईला तर काय करावं सुचेना, म्हणून तिने तो अर्धवट कापलेला कागद पुन्हा पुढ्यात ओढला आणि कात्री उचलली.

चपला घालता घालता मास्तर थांबला.

"आई," तो हळूच म्हणाला, "त्या कात्रीने कागद नको कापूस."