एकही ठिपका सोडू नका

"कुठल्या गाढवानं ट्रेस केलंय हे?" वीरधवलनं पडद्यावरची नजर न काढताच विचारलं.

टेबलापलीकडं उभा असलेला चाळिशीचा माणूस ओशाळून हसला. तो वडूजकडून एसटीनं आला होता. वहाणा धुळीनं भरलेल्या, हातात कापडी पिशवी. "आमच्या म्हाताऱ्यानं कागदावर हातानं काढलंय, मालक. पोरीनं मोबाइलवर फोटू मारून त्याच्या रेघा ट्रेस केल्या."

"ट्रेस केलं म्हणे! बटण दाबलं की झालं, असं वाटतं तुम्हाला?"

मलकापुरात वीरधवलचं कटिंगचं दुकान होतं. रेडियम, फोमशीट, लग्नाचे बोर्ड, म्हणाल ते मशीन कापून देई. पण मशीन बिचारं आंधळं. रेषेवर घाण असली तर तीही इमानानं कापतं. ती घाण काढण्यात आपला हात धरणारा अख्ख्या सातारा-सांगलीत कोणी नाही, असं वीरधवलचं ठाम मत होतं आणि ते तो कोणी न विचारताही सांगे. बाकी सगळे अडाणी. सांगलीचे दुकानदार अडाणी, गिऱ्हाइकं अडाणी, आणि अडाण्यांची पंढरी म्हणजे त्याची सासुरवाडी.

फाइल बघून त्याला किळस आली. कडेनं कोयऱ्या, वेलबुट्टी, मधे कसलासा मजकूर. कागदाची घडी रेघ होऊन उमटलेली, शाईचे शिंतोडे ठिकठिकाणी बसलेले, आणि सरळ रेषेलाही वाकडी करणाऱ्या शंभर गाठी.

"म्हाताऱ्यानं येक निरोप मातुर दिलाय," माणूस म्हणाला. "ठिपका येकबी सोडू नगा, म्हनलंय. लय बजावलंय."

"मला शिकवणार तो? माझ्या हाताखालून एक ठिपका सुटत नसतो."

"मग झालं तर!" माणसानं समाधानानं मान हलवली. तरी तो हलेना. काहीतरी ओळख निघेल अशा आशेनं हसत तिथंच उभा राहिला.

"आणखी काय?"

"काय न्हाई."

"मग बाकावर बसा. उजेड अडवू नका."

एरवी वीरधवल मजकूर वाचून, एकेक ठिपका पारखून उडवत असे. पण असल्या खेडवळ कामापायी डोळे कोण फोडणार? त्यात गिऱ्हाईकच सांगतंय. दोन मिलिमीटरहून लहान जे जे होतं, ते त्यानं एका दमात निवडलं आणि पुसून टाकलं. गाठी उतरवल्या, रेषा गुळगुळीत केल्या, चित्र पाच फुटी मोठं केलं आणि मशीन लावून तो फोनवर बोलत बाहेर गेला. कापलेले पांढरे तुकडे कागदात गुंडाळून त्यानं त्या माणसाच्या अंगावर जवळजवळ फेकलेच.

दुपारी जेवायला घरी आला, तर बायकोनं ताट वाढता वाढता विषय काढला.

"आबांचा फोन होता," संयोगिता म्हणाली. "अधिक महिना लागलाय. रविवारी धोंड्याचं जेवण ठेवलंय. तुम्हाला बोलावलंय."

"मागच्या धोंड्याला काय दिवे लावले होते? चारचौघांत तुझा बाप मला नुसता 'वीरधवल' म्हणाला. 'राव' लावायला जीभ झडते?"

"म्हातारं माणूस. राहून गेलं असेल."

"राहून जात नसतं काही. मान द्यायचा नसला की राहतं. ऐकून ठेव, यंदा मान तसूभर जरी कमी पडला, तरी तुझं माहेर बंद. कायमचं."

हा माणूस नुसता बोलत नाही, हे संयोगिताला माहीत होतं. सख्ख्या भावाचं दार त्यानं असंच एका शब्दावरून बंद केलं होतं, ते सहा वर्षं उघडलं नव्हतं.

रविवारी अकराला दोघं वडूजजवळच्या वाडीत पोचली. दारात सासरा जोतिबा फेटा बांधून उभा होता. पलटणीत असताना साऱ्या कंपनीच्या ट्रंकांवर नावं घालणारा हा हवालदार, आता मोतीबिंदूनं समोरचं माणूससुद्धा आवाजावरून ओळखायचा. त्याच्या डोक्यावर, दारावर ताणलेल्या लाल कापडावर, सोनेरी रंग दिलेली अक्षरं झळकत होती:

जावईबापूचे सहर्ष स्वागत – या घरात पहिला मान त्याचा

वीरधवल उंबऱ्याबाहेरच थबकला.

"बापूचे? त्याचा?" त्याचा आवाज चढला. "मी काय तुमचा सालगडी? एकेक टिंब गाळून माझा मान काढलात तुम्ही! संयोगिता, माघारी फीर. आजपासून तुझं माहेर बंद."

"आवं जावईबापू, असं कसं हुईल?" म्हाताऱ्यानं हात जोडले. "म्या सवता लिवलंय. दोन्ही टिंबं घातलीती. येक डाव सोडून दोनदा बघितलं भिंग लावून."

"मग कुठल्या गाढवानं कापलंय हे? आणा त्याला माझ्यापुढं. त्याला मी शिकवतो मान कशाला म्हणतात!"

शेजारपाजारचे गोळा झाले. संयोगिता तोंडाला पदर लावून अंगणातच उभी राहिली. तेवढ्यात सासऱ्याचा वाटेकरी कृष्णात आतून अनारशांचं ताट घेऊन आला. मागच्या धोंड्यालाही यानंच वाढलं होतं, पण वीरधवलनं तेव्हा ताटाकडं बघितलं होतं, तोंडाकडं नाही. आज त्यानं तोंडाकडं बघितलं. तेच ओशाळं हसू.

"दाजी," कृष्णात हळूच म्हणाला, "दुकानात म्या तुमाला सांगितलं हुतं की. ठिपका येकबी सोडू नगा म्हनून."