तिसरी डिस्क

भावजी कुणाच्या उपकारात राहत नसत. इतरांना ठेवायला मात्र त्यांची ना नसे. वहिनींच्या जुन्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम चढवायला ते सकाळीच हजर झाले.

"यांची रोजनिशी जाणार नाही ना?" वहिनींनी विचारलं. "यांना जाऊन वर्ष झालं. आज वाचायचा धीर केलाय."

"नवं चढवताना जुनं कधीकधी जातं बरं का, वहिनी."

हा बेत भावजी घरूनच शिजवून आले होते. दादा गेला त्याच आठवड्यात रोजनिशीची डिस्क त्यांच्या हातून पडून फुटली होती. ती त्यांच्या पिशवीतच होती. आज खापर अपग्रेडवर फोडलं की सुटले.

सिस्टीम चढली. सुरू होताना कोणकोणत्या डिस्क जोडायच्या, त्या यादीत तीन ओळी होत्या. तिसरी रोजनिशीच्या डिस्कची. भावजींनी ती खोडली, यादी सेव्ह केली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

यादीत पुन्हा तीन ओळी होत्या.

त्यांनी पुन्हा खोडली. या वेळी तिसरी डिस्क पडद्यावर आपणहून निमूट उघडली. त्यांनी खोक्याचं झाकण काढून पाहिलं, तर आत दोनच डिस्क. पिशवीत हात घातला. फुटकी डिस्क जागच्या जागी होती, पण गरम लागत होती.

"सापडली ना?" वहिनी चष्मा पुसत जवळ आल्या. "शेवटचं पान उघडा."

पानावर आजची तारीख होती. खाली एकच ओळ: 'धाकटा आलाय. आज तरी तिला खरं सांगेल.'

भावजींनी दोन्ही हात कीबोर्डवरून काढून मांडीवर घेतले. ओळीपुढे एकेक अक्षर उमटू लागलं, आणि वहिनींनी चष्मा चढवला.