औषधमुक्तीचा डबा

दत्तोपंत गोळ्यांची पिशवी उलटी करणार, तेवढ्यात मीनलने डबा मागे ओढला.

सभागृह हसलं. डबा स्टीलचा होता, त्याला झेंडूचा हार होता आणि पोटावर ‘दवाई से आज़ादी’ असं लिहिलं होतं. वजन कमी करण्याचं ऑपरेशन करणाऱ्या, रायपूरच्या एका दवाखान्याचा हा वार्षिक सोहळा. ऑपरेशनला वर्ष झालं की पेशंटने मंचावर यायचं, घरातली सगळी औषधं डब्यात ओतायची आणि डॉक्टर परागांसोबत फोटो काढायचा. गेल्या वर्षी मीनलनेही ओतली होती. शुगरच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या, आणि त्यांच्यासोबत या ऑपरेशननंतर जन्मभर घ्याव्या लागणाऱ्या व्हिटॅमिनच्याही. पिशवीत काय आहे ते कोणी पाहिलं नाही. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या. यंदा, सत्तेचाळीस किलो उतरवल्याबद्दल, डबा धरायचा मान तिला मिळाला होता.

“काका, आधी व्हिटॅमिनच्या बाजूले काढा,” ती म्हणाली.

दत्तोपंतांनी डॉक्टरांकडे पाहिलं. साठीला आलेला माणूस, पण गृहपाठ न केलेल्या मुलासारखा उभा.

“दीदी, प्रोग्राम लेट हो रहा है,” निवेदन करणारी पायल हसता हसता कुजबुजली.

मीनलने डबा खाली ठेवला आणि तिच्या हातातला माइक घेतला.

“सांज झाली का मले दिसत नाही. मागच्या हप्त्यात भनपुरीच्या वळणावर उभ्या ट्रकवर स्कूटी घातली. डोळ्याचे डॉक्टर म्हणते, अंगातलं व्हिटॅमिन ए संपलं, बुबुळं कोरडी पडून राहिली. उशीर केला तर नजर जाईल, ते मग परत येत नाही. दिसत नाही म्हणून मी इथं चार वेळा आले. चारही वेळा मले काट्यावर उभं केलं अन् म्हणाले, एकदम छान!”

डॉक्टर परागांनी स्वतः टाळ्या सुरू केल्या. सभागृहाने त्या उचलल्या.

“मीनलताई जरा भारावल्या आहेत,” डॉक्टर दुसऱ्या माइकवर म्हणाले. “सोमवारी ओपीडीत बघू हं. आता फिल्म!”

दिवे गेले. पडद्यावर मीनल आली. आधी जाड, मग बारीक, मग बारीक आणि हसरी. पडद्याच्या उजेडात सगळ्यांना सगळं दिसत होतं, एका मीनलला सोडून. तिला फक्त आवाज आला. डब्यात पिशवी रिकामी झाल्याचा.

“काका! टाकल्या?”

“साहेबांनी खुणावलं ना, बेटा.”

मीनल नव्या साडीसकट मंचावर खाली बसली. दोन्ही हात कोपरापर्यंत डब्यात घातले. चाचपून एक पाकीट काढलं आणि दत्तोपंतांच्या आवाजाच्या दिशेने धरलं.

“वाचा.”

“शुगरची.”

“ठेवा बाजूले. हे?”

“बीपीची.”

“हे?”

दत्तोपंत गुडघ्यावर आले, चष्मा कपाळावर सरकवला, पाकीट पडद्याकडे धरलं. “ही व्हिटॅमिनची दिसते.”

“खिशात घाला. अन् कोणी काढाले आला तर हात मोडा त्याचा.”

पहिल्या रांगेतल्या दोघीतिघी उभ्या राहिल्या. एकीने आपली औषधांची पिशवी पदराखाली घेतली.

डॉक्टर पराग मीनलजवळ वाकले. हसू सभागृहाकडे, आवाज तिच्याकडे.

“मीनलताई, उठा. कॅमेरा चालू आहे.”

“राहू द्या चालू,” डब्यात चाचपता चाचपता ती म्हणाली. “त्याले तरी दिसते.”