साधाच अंक

"हाही साधाच आहे, बाई." पारख्यांनी भिंग खाली ठेवलं.

समोर बसलेल्या बाईंना फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. "मागची बाजू पाहिलीत?"

पारख्यांनी कॉमिक्सचा तो अंक उलटला आणि पुन्हा दिव्याखाली धरला. पिना गंजलेल्या, एक कोपरा मुडपलेला. मुखपृष्ठावरच्या राक्षसाला कुणीतरी पेनने मिशा काढल्या होत्या.

"पाहिली. मिशा तेवढ्या झकास आहेत."

बाई खुदकन हसल्या.

पारख्यांचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक अरुंद खोली. जुनी कॉमिक्स घेऊन लोक तिथे यायचे. ज्या अंकात दम असेल तो पारखी ग्रेडिंगच्या कंपनीकडे पाठवायचे. तिथे त्याला दहापैकी गुण मिळायचे आणि तो जाड पारदर्शक डबीत कायमचा बंद होऊन परत यायचा. दुर्मीळ अंकाचा त्याने भाव वाढायचा. साध्या अंकाच्या किमतीपेक्षा मात्र डबीचाच खर्च जास्त व्हायचा.

बाई पहिल्यांदा आल्या त्याच दिवशी पारख्यांनी हे सरळ सांगून टाकलं होतं. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल. घरी ठेवा आणि वाचा."

"आमच्या ह्यांची पेटीभर आहेत," बाई म्हणाल्या होत्या. "ते गेल्यापासून तशीच पडून आहेत. एखादा चांगला निघेलही. सगळी पेटी काही मला उचलायची नाही. दर बुधवारी एक आणत जाईन. चालेल?"

"चालेल की," पारखी म्हणाले होते.

तेव्हापासून बुधवार बाईंचा झाला. त्या टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या. आवाज अजून खणखणीत. रात्रपाळीला चुकून जोडून दिलेल्या फोनांचे किस्से सांगताना त्या दोन्हीकडचे आवाज काढायच्या. पारखी मुळात घुम्या स्वभावाचे. त्यांची बायको फार वर्षांपूर्वी गेली होती, आणि दुकानात दिवसभरात त्यांच्या तोंडून 'बसा' आणि 'नाही' याखेरीज शब्द निघत नसे. बुधवारी मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालायचे. गिऱ्हाइकाच्या लाकडी खुर्चीवर आता उशी आली होती.

अंक तपासायला पाच मिनिटं पुरायची. बाई उठायच्या तेव्हा चहाचे दुसरे कपही रिकामे झालेले असायचे.

एका मंगळवारी दुपारी एक तरुण बाई दुकानात शिरली. बसली नाही.

"दर बुधवारी येतात ना, त्यांची मी मुलगी. आईला माझ्याकडे न्यायला आलेय. इथे एकटी किती दिवस राहणार ती? पण ती म्हणते, अजून तपासणी बाकी आहे, मी कशी येऊ? काका, खरं सांगा, या ग्रेडिंगमध्ये तिचा काही फायदा आहे?"

"काही नाही."

"मग तिला आशेवर का ठेवलंय? दरवेळी किती घेता तिच्याकडून?"

"तपासायचे काही घेत नाही," पारखी म्हणाले. "आणि फायदा नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलंय."

मुलीचा आवाज उतरला. तिने खुर्चीवरच्या उशीकडे पाहिलं, मग टेकली.

"तुम्हाला एक सांगू? आईला कळू देऊ नका हं, लाजेने मरेल ती. आमच्या बाबांनी जन्मात कॉमिक्स वाचलं नाही. मी वाचताना दिसले तरी ओरडायचे. घरात पेटीबिटी काही नाही. कोपऱ्यावरच्या रद्दीवालीकडून घेते ती हे अंक. काल मी स्वतः पाहिलं. आधी वाटलं, आईचं डोकं फिरलं. मग वाटलं, तुम्हीच काहीतरी भरवून दिलंय तिच्या मनात."

 पारखी भिंग उचलून रुमालाने पुसत राहिले.

"रागावलात? फसवलं तिने तुम्हाला."

"नाही, नाही." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तुमच्याकडे त्यांना बरं वाटेल. नातवंडं असतील."

"एक आहे. दिवसभर शाळेत असतो. आणि आम्ही दोघं कामावर." मुलीने खुर्चीवरची उशी नीट केली. मग उठली. दारापाशी तिने मागे वळून विचारलं, "उद्या बुधवार ना?"

"हो."

"आज सकाळपासून तिने तीन साड्या काढून ठेवल्यात. त्यातली कुठली नेसायची ते ठरत नाहीये." ती हसली. "मी परवा निघते, काका. एकटीच."

ती दिसेनाशी झाल्यावर पारख्यांनी दुकान लवकर बंद केलं. त्याआधी मागच्या फळीवरून एक अंक काढला. चुकून एखादा मौल्यवान तर नाही ना, म्हणून दिव्याखाली धरून नीट तपासला, पिशवीत घातला आणि ते कोपऱ्यापर्यंत चालत गेले.

रद्दीवाली तराजू आवरत होती. पारख्यांनी पिशवीतून काढलेला अंक तिने न विचारताच घेतला आणि गठ्ठ्यावर सगळ्यात वर, चटकन नजरेत भरेल असा ठेवला.

"पुढच्या बुधवारसाठी आहे हा, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस हं," पारखी म्हणाले. "मागे एकदा तू विकून बसलीस, आणि त्या बुधवारी बाई आल्याच नाहीत."