सहाचा चहा

"माझ्या वॉर्डात एक रकाना रिकामा सापडला, तर नाव बदलीन!" मेट्रनबाई म्हणाल्या. चारला रुग्णसुरक्षेची तपासणी होती.

तेवढ्यात सात नंबरच्या आजोबांची लेक धावत आली. "सिस्टर, बाबा ओ देत नाहीत हो. जरा बघता का?"

"अगं, उगाच कशाला घाबरतेस? तासातासाला बघतो आम्ही." बाईंनी तिच्या हातात तक्ता ठेवला. "हे वाच. नाडी बरोबर, ताप नाही."

लेकीने तक्ता वाचला, मग घड्याळाकडे पाहिलं. "पण हे सहाचं आहे. आत्ता कुठे दोन वाजलेत!"

बाई धावल्या, पण आजोबा कधीच गेले होते.

खाडाखोडीला गुण कापतात, म्हणून तक्ता तसाच ठेवला. त्यानुसार सहा वाजता आजोबांनी कपभर चहा घेतला आणि बरं वाटतंय म्हणाले.